श्वासाला जागा ठेवून

जुलै १९२७. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांताच्या सरकारने मुलींनी छाती आवळून बांधू नये असा हुकूम काढला. त्या काळी तिथल्या शहरांतल्या मुली पुढे बटणांची रांग असलेली, अंगाला गच्च बसणारी आखूड बंडी घालत. सपाट छाती शालीनतेची मानली जाई. छाती अशी बांधल्याने फुप्फुसांना अपाय होतो, पुढे बाळाला अंगावर पाजता येत नाही, असे सुधारकांचे म्हणणे होते आणि सरकारने ते उचलून धरले. त्याच महिन्यात मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. शरीराविषयी जे चोरून बोलले जाई ते सरळ मराठीत, शास्त्राच्या आधाराने छापायचे, हे त्या मासिकाचे काम. त्यापायी कर्व्यांना कोर्टात उभे राहावे लागले, तरी १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी ते चालवले.

एकीकडे हुकूम निघाला, दुसरीकडे माहिती छापली गेली. आजचे हे व्याख्यान कर्व्यांच्या वाटेने जाते. विषय आहे बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून शर्टाच्या आत घालायचा घट्ट कपडा. तो निवडावा कसा, घालावा किती वेळ आणि त्याची निगा कशी राखावी, याविषयी मराठीत फार थोडे सांगितले गेले आहे. जे सांगितले जाते त्यातले बरेचसे ‘घालू नको’ या दोन शब्दांत संपते.

ग्वांगडोंगच्या मुली आणि आजचे बाइंडर वापरणारे यांच्यात एक मोठा फरक आहे, तो आधीच नोंदवायला हवा. त्या मुलींची छाती लोकलाजेने बांधली जात होती. आज बाइंडर घालणारे बहुतेक जण ट्रान्स पुरुष (जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष) किंवा नॉन-बायनरी (स्वतःला पूर्णपणे स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या) व्यक्ती आहेत, आणि ते हा कपडा स्वतःच्या इच्छेने, बरेचदा घरच्यांच्या इच्छेविरुद्ध घालतात. आरशातले शरीर आपले वाटत नाही, कोणी छातीकडे पाहिले की जीव कासावीस होतो. या घालमेलीला ते डिस्फोरिया म्हणतात. त्यांच्यातल्या कित्येकांना बाइंडरमुळेच कॉलेजला जाणे, मुलाखतीला बसणे, लोकलच्या डब्यात उभे राहणे शक्य होते. ही गरज मान्य केल्याशिवाय दिलेला सल्ला कोणी ऐकत नाही, आणि ऐकावा तरी का?

कापडाने शरीराला आकार देण्याची हौस जुनी, आणि तिच्या दुष्परिणामांची चर्चाही जुनी. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंग यांनी युरोपातल्या आवळपट्ट्यांमुळे होणाऱ्या अपायांवर १७८८ सालीच पुस्तिका लिहिली. १९२० च्या दशकात सपाट अंगाची फॅशन आली तेव्हा इंग्लंडमधल्या मार्केट हारबरो गावच्या सिमिंग्टन कारखान्याने दोन्ही बाजूंनी नाड्या ओढून छाती चपटी करणारा ‘साइड लेसर’ बाजारात आणला. पुढे पुरुषांमधल्या स्तनवाढीसाठी दाब देणाऱ्या बनियन तयार झाल्या आणि ट्रान्स पुरुष अनेक वर्षे त्याच वापरत राहिले. खास त्यांच्या अंगाचा विचार करून, त्यांच्याच समुदायातल्या लोकांनी कपडा शिवायला घेतला ही गोष्ट अगदी अलीकडची.

तर, आत नेमके काय घडते? माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. वरच्या सात जोड्या कुर्चेने थेट छातीच्या हाडाला जोडलेल्या, त्याखालच्या तीन वरच्यांच्या आधाराने आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. श्वास घेताना हा सगळा पिंजरा वर आणि बाहेर सरकतो, खाली श्वासपटल दबते आणि फुप्फुसांत हवा शिरते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस प्रत्येक श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. जिना चढताना, धावताना ही गरज कितीतरी पट वाढते. बाइंडर या पिंजऱ्याच्या फुलण्यावर लगाम घालतो. बसल्या जागी ते जाणवत नाही, कारण शरीर छोटे आणि भरभर श्वास घेऊन भागवते. दादरच्या पुलावर गर्दीतून धावत चढताना मात्र जाणवते. सर्दी-खोकल्यात छातीतला कफ सुटायला खोल श्वास आणि जोरदार खोकला लागतो, म्हणून आजारपणात बाइंडर उतरवून ठेवावा. एरवीही तो काढल्यावर चार-पाच खोल श्वास घ्यावेत आणि मुद्दाम एकदोनदा खोकावे.

दाब रोज पडत राहिला की कुर्चेच्या सांध्यांना सूज येऊ शकते. मग छातीच्या हाडाच्या कडेला बोटाने दाबले तरी दुखते. पाठ आणि खांदे दुखण्यात दोन कारणे मिसळलेली असतात. एक बाइंडरचा ताण. दुसरे म्हणजे छाती लपवण्यासाठी वर्षानुवर्षे पोक काढून चालण्याची सवय, जी बाइंडरच्याही आधीपासून असते. योग्य मापाचा बाइंडर घातल्यावर काही जण पहिल्यांदाच ताठ उभे राहतात.

या विषयावरचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास ‘कल्चर, हेल्थ अँड सेक्शुअॅलिटी’ या नियतकालिकात २०१७ साली आला. छाती बांधणाऱ्या १,८०० प्रौढांनी त्यात आपापले अनुभव नोंदवले. २८ तक्रारींची यादी त्यांच्यापुढे ठेवली होती, आणि सुमारे ९७ टक्के लोकांनी त्यातली निदान एक तक्रार तरी असल्याचे सांगितले. पाठदुखी सुमारे ५४ टक्क्यांना, जवळपास तितक्यांनाच अंग तापल्यासारखे होणे, छातीत दुखणे ४९ टक्क्यांना, धाप ४७ टक्क्यांना, खाज ४५ टक्क्यांना. हे आकडे काळजी करण्यासारखे आहेत आणि ते लपवून कोणाचे भले होणार नाही. त्याच लोकांनी हेही सांगितले की बांधल्यामुळे मन स्थिर झाले, आत्मविश्वास वाढला, चिंता कमी झाली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असतात. डॉक्टर पहिलीच पाहतात आणि मित्रमंडळी दुसरीच, तिथे गडबड होते.

या अभ्यासातला एक निष्कर्ष वरवर वाचणाऱ्याला चकवतो. बाजारातल्या तयार बाइंडरचा संबंध २८ पैकी २० तक्रारींशी दिसला, लवचिक बँडेजचा १४ तक्रारींशी, तर डक्ट टेप किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टणाचा १३ तक्रारींशी. मग टेप बरी म्हणायची का? अजिबात नाही. तयार बाइंडर सोसण्याजोगा असल्याने माणूस तो रोज, दिवसभर घालू शकतो. टेप गुंडाळून इतका काळ राहताच येत नाही. शिवाय ही लोकांनी स्वतः दिलेली माहिती होती, प्रयोगशाळेतली तुलना नव्हे. सगळ्यांत ठळकपणे पुढे आलेली गोष्ट वेगळीच होती. तक्रारींशी सातत्याने नाते दिसले ते आठवड्यातून किती दिवस बांधले जाते याचे. म्हणजे सुट्टीच्या दिवसाला औषधाइतके मोल आहे. ‘दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नको’ हा नियम वापरणाऱ्यांच्या आणि दवाखान्यांच्या अनुभवातून रुळलेला आहे. तो पाळावाच, पण आठ तासांचा हिशेब सांभाळून सातही दिवस बाइंडर घालणाऱ्याने आठवड्याचाही हिशेब मांडायला हवा.

आता निवडीकडे. बाइंडर मापाने घ्यावा, अंदाजाने नव्हे. शिंप्याची टेप घेऊन छातीचा सर्वांत भरलेल्या जागेवरचा घेर मोजावा आणि एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे. मोजताना श्वास रोखू नये, पोट आत ओढू नये, पॅडची ब्रा अंगात असू नये. मग ज्या कंपनीचा कपडा घ्यायचा तिचाच मापतक्ता पाहावा, कारण एकीचा मीडियम दुसरीचा लार्ज असतो. दोन मापांच्या मध्ये अडकल्यास मोठे माप घ्यावे. जास्त सपाट दिसावे म्हणून मुद्दाम एक माप लहान घेण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो, आणि बरीच दुखणी या एका निर्णयातून सुरू होतात. भरलेली छाती कोणत्याही कपड्याने पाटासारखी होत नाही. शर्टावरून पुरुषी छातीसारखी ठेवण दिसली म्हणजे काम झाले. घालताना स्तन मधोमध दाबले जाऊ नयेत, ते थोडे बाजूला आणि खाली सरकवून बसवावेत. त्याने आकार सुधारतो आणि त्वचेच्या घड्याही कमी पडतात.

चांगल्या बाइंडरचा पुढचा भाग न ताणणारा आणि पाठीचा भाग ताणला जाणारा असतो. दाब पुढून सपाट पडतो आणि श्वासाला मागून थोडी सवलत मिळते. अर्ध्या लांबीचा बाइंडर बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी संपतो आणि आपल्या हवेत तोच सुसह्य. पूर्ण लांबीचा कमरेपर्यंत येतो, पण बसताना खालून गुंडाळत वर सरकतो आणि त्याची वळकटी पोटात रुतते. ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी डोक्यावरून चढवायचा न घेता बाजूला हूक किंवा चेन असलेला पाहावा. घातल्यावर पूर्ण श्वास घेऊन बघावा, खोकून बघावे, हात वर करावेत, खाली वाकावे, जिन्याच्या दोन मजल्यांची चढ-उतार करावी. कडेखाली दोन बोटे जायला हवीत. यातले काही जमले नाही तर तो कपडा परत करावा. ‘घालून घालून सैल होईल’ असे म्हणून ठेवून घेऊ नये. सैल पडलेला जुना बाइंडर शिंप्याकडून आवळून घेण्याचाही विचार करू नये. त्याचा लवचिकपणा संपलेला असतो आणि नवी शिवण दाब भलत्या जागी टाकते.

क्रेप बँडेजबद्दल वेगळे आणि स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण आपल्याकडे पुष्कळांची सुरुवात तिथून होते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते स्वस्तात मिळते आणि कोणी काही विचारत नाही. पण ते मुरगळलेल्या घोट्यासाठी बनवलेले असते. छातीभोवती गुंडाळले की हालचालींबरोबर सरकते, त्याची दोरी बनते, दाब एका पट्ट्यात एकवटतो आणि श्वासागणिक ते सैल होण्याऐवजी रुतत जाते. पार्सलची चिकटपट्टी, डक्ट टेप, स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे वेष्टण यांचे तर नावच नको. पोटाच्या ऑपरेशननंतर वापरायचा पट्टा किंवा कंबरेचा पट्टा वर सरकवून वापरणेही तसेच. एकावर एक दोन बाइंडर घालणे हाही त्यातलाच प्रकार.

ज्यांना बाइंडर परवडत नाही किंवा अजून मागवता येत नाही त्यांच्यासाठी मापाची एक घट्ट स्पोर्ट्स ब्रा, त्यावर बनियन आणि वर गडद रंगाचा किंवा चौकड्यांचा सैल शर्ट, असा साधा मार्ग आहे. जाड खादीचा कुर्ता आणि जाकीट यांनीही बरेच झाकले जाते. खेळाडूंच्या पट्टीसारखी, त्वचेवर चिकटवायची सुती लवचिक टेपही काही जण वापरतात. तिने बरगड्या मोकळ्या राहतात हा फायदा खरा. मात्र ती छातीभोवती कधीही गोल गुंडाळायची नसते. स्तनाची त्वचा बाजूला काखेकडे नेऊन तिथे चिकटवायची असते. आधी एक छोटा तुकडा दिवसभर लावून अंगावर पुरळ येते का ते पाहावे, स्तनाग्रांवर कापसाची घडी ठेवावी, टेप फार ताणू नये, नाहीतर टोकांशी फोड येतात. काढताना खोबरेल तेल मुरवून हळूहळू सोडवावी. ओढून काढली तर कातडी सोलते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात घरीच एक-दोन तास घालून सवय करावी. पुढे कामाच्या दिवसांतही दुपारी जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ काढता आला तर काढावा. झोपताना बाइंडर नको, डुलकीपुरताही नको, कारण झोपेत दाब वाढल्याचे किंवा हात बधिर झाल्याचे कळत नाही. रात्रीच्या एसटीने किंवा स्लीपर कोचने जाणाऱ्यांची इथे अडचण होते. बारा तासांचा प्रवास, आजूबाजूला अनोळखी माणसे. अशा वेळी स्पोर्ट्स ब्रा आणि वर जाकीट, हीच तडजोड शहाणपणाची. जिम, कबड्डी, गड चढणे, पोलीस भरतीच्या धावण्याचा सराव, यांतही तेच. दम्याचा त्रास, पाठीच्या कण्याचा बाक किंवा सांधे वाजवीपेक्षा सैल असलेल्यांनी बाइंडर घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

महाराष्ट्राच्या हवेत त्वचेचा प्रश्न फुप्फुसांइतकाच मोठा आहे. कोकणपट्टीचा दमटपणा, विदर्भाचा उन्हाळा आणि त्यात नायलॉनचा घट्ट थर. घामोळे येते, स्तनाखालच्या घडीत त्वचा ओलसर लाल होते, बुरशी धरते. वरील अभ्यासातही छातीचा आकार मोठा असलेल्यांत त्वचेच्या तक्रारी अधिक दिसल्या. गजकर्ण तर आपल्याकडे गेली काही वर्षे हट्टी झालेले आहे आणि त्याला मोठे कारण म्हणजे दुकानातून चिठ्ठीविना घेतलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमे. दोन दिवस खाज थांबते, मग चट्टा पसरतो आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. छातीवरच्या चट्ट्याला असले मलम लावून वर बाइंडर चढवणे म्हणजे बुरशीला खतपाणी घालणे होय. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, बरे होईपर्यंत बाइंडरला सुट्टी द्यावी. एरवी आत पातळ सुती बनियन घालावी, घडीतली त्वचा पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच बाइंडर चढवावा आणि उतरवल्यावर आंघोळ करावी.

धुण्याचे तंत्र सोपे आहे. गार पाणी, सौम्य साबण, हाताने हलके चोळणे. ब्लीच नको, दगडावर आपटणे नको, पिळा घालून पिळणे नको. जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबले की पाणी निघते. मग सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. ड्रायरच्या आणि इस्त्रीच्या उष्णतेने त्यातले लवचिक धागे मरतात. दोन बाइंडर असले तर एक अंगात, एक दोरीवर.

खरी अडचण आहे ती या दोरीचीच.

दोन खोल्यांच्या घरात, चाळीच्या गॅलरीत, मुलींच्या वसतिगृहात बाइंडर वाळत घालायचा कुठे? दोरीवर दिसला की प्रश्न सुरू होतात. म्हणून तो रात्री धुतला जातो, गादीखाली किंवा बॅगेत दडपला जातो आणि सकाळी ओलाच अंगावर चढतो. सुट्टीच्या दिवसाचेही तसेच. घरी पाहुणे असतात, दार लावून बसायची सोय नसते, म्हणून रविवारीही तो निघत नाही. सुरक्षित वापराच्या इंग्रजी सूचनांत गृहीत धरलेली स्वतंत्र खोली आपल्याकडे थोड्यांनाच मिळते. त्यामुळे इथे निम्मी सुरक्षितता कापडात आहे आणि निम्मी घरच्यांच्या हातात. आईने तो कपडा कपाटातून शोधून फेकून दिला तर मूल बांधणे सोडत नाही, ते क्रेप बँडेज आणते. त्याऐवजी न्हाणीघरात एक आकडा ठोकून दिला, ‘आज घरीच आहेस, काढून बस’ एवढे सांगितले, तर तिला लेकाची ओळख अजून पुरती पटली नसली तरी त्याच्या बरगड्यांची काळजी घेतली जाते. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचे. ट्रान्सजेंडर आरोग्याच्या क्षेत्रातली जागतिक व्यावसायिक संघटना डब्ल्यूपाथ हिच्या २०२२ च्या आठव्या मार्गदर्शक आवृत्तीने किशोरवयीनांना छाती बांधण्याचे फायदे आणि धोके दोन्ही समजावून सांगावेत अशी स्पष्ट शिफारस केली आहे.

ते समजावून सांगणार कोण, हा पुढचा प्रश्न. १,८०० जणांच्या त्याच पाहणीवर आधारलेल्या २०१८ च्या निबंधात दिसते की पाचांतल्या चारांहून अधिक लोकांना या विषयावर डॉक्टरांशी बोलता येणे महत्त्वाचे वाटते. प्रत्यक्षात बांधण्यामुळे झालेल्या त्रासासाठी वैद्यकीय मदत घेतली ती सातांपैकी जेमतेम एकाने. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात पडद्याशेजारी चार विद्यार्थी आणि दोन नातेवाईक उभे असताना ‘शर्ट काढा’ ऐकावे लागते. तिथे कोण बोलेल? स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला. तो हक्क तपासणीच्या खोलीत पोचायला डॉक्टरांचे दोन प्रश्न पुरतात. ‘कोणत्या नावाने हाक मारू?’ आणि ‘छाती बांधता का, दिवसातून किती वेळ, आठवड्यातून किती दिवस?’ पाठदुखी घेऊन आलेल्या ट्रान्स तरुणाला हा दुसरा प्रश्न विचारला नाही तर वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात.

बाइंडरमुळे स्तनाचा कर्करोग होतो असा पुरावा नाही. तरीही गाठ, स्राव किंवा त्वचेत खड्डा दिसल्यास तपासणी टाळू नये. छाती सपाट करण्याची शस्त्रक्रिया ज्यांना करायची आहे त्यांनी किती वर्षे बांधत आहोत हे सर्जनला सांगावे, कारण त्वचेच्या ताणाचा विचार त्यांना करावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर सर्जन जे दाबाचे जॅकेट देतात ते वेगळे. त्याची जागा जुन्या बाइंडरला देऊ नये.

हातांना मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, कपडा उतरवल्यावरही टोचत राहणारी वेदना, जखम किंवा पू, यांपैकी काही असेल तर बाइंडर त्याच दिवसापासून बंद करून डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली, छातीत तीव्र कळ आली किंवा भोवळ आली, तर तो ताबडतोब काढून तातडीच्या विभागात जावे. अपघातात किंवा बेशुद्धीत तो डोक्यावरून ओढत बसू नये, कात्रीने बाजूने कापावा. ज्या मित्रमैत्रिणींसोबत रोजचा प्रवास होतो त्यांच्यापैकी विश्वासातल्या एकाला तरी हे आधी सांगून ठेवावे, आणि कात्री चालवायची परवानगीही आधीच देऊन ठेवावी.